सबवूफरचा बॉक्स नवा बनवू नका, आतली जागा ॲडजस्ट करा

घरी सबवूफर बनवणाऱ्यांची नेहमीची तक्रार असते, 'ड्रायव्हर चांगला घेतला, पण बेस नुसता घुमतोय.' मग प्लायवूड आणून नवा बॉक्स बनवला जातो. त्याआधी मी एकच प्रश्न विचारतो: बॉक्सच्या आत नक्की किती लिटर हवा आहे?

बंद बॉक्समधली हवा स्प्रिंगसारखी काम करते. बॉक्स लहान असेल तर स्प्रिंग कडक होते आणि एकाच पट्टीतला आवाज घुमतो. फार मोठा असेल तर स्प्रिंग सैल पडते. मग जास्त पॉवरला कोन गरजेपेक्षा जास्त हलतो आणि ड्रायव्हर खराब होऊ शकतो.

आधी मोजा

माप आतून घ्यायचं. समजा, बॉक्स बाहेरून ४० × ३६ × ३२ सेंमी आहे, म्हणजे ४६ लिटर. पण प्लाय १८ मिमी जाड असेल तर आतली जागा ३६.४ × ३२.४ × २८.४ सेंमी, म्हणजे फक्त ३३.५ लिटर! त्यातून ड्रायव्हरने व्यापलेली जागा (समजा २ लिटर) आणि आधाराच्या पट्ट्या (१ लिटर) वजा करा. उरले ३०.५ लिटर. बॉक्स वाकडातिकडा असेल तर त्यात ज्वारी भरा आणि लिटरच्या मापाने मोजून काढा.

मग गणित करा

ड्रायव्हरच्या माहितीपत्रकात तीन आकडे असतात: एफएस, क्यूटीएस आणि व्हीएएस. नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल या दोन इंजिनिअर्सच्या नावाने हे आकडे ओळखले जातात. व्हीएएसला बॉक्सच्या लिटरने भागा, १ मिळवा आणि वर्गमूळ काढा. या उत्तराने क्यूटीएसला गुणलं की बॉक्ससकटचा क्यू मिळतो, एफएसला गुणलं की नवीन रेझोनन्स. क्यू ०.७ च्या आसपास असेल तर बेस सपाट आणि स्वच्छ येतो.

उदाहरणार्थ, एफएस ३० हर्ट्झ, क्यूटीएस ०.४५ आणि व्हीएएस ४० लिटर असेल तर साधारण २७ लिटर जागा हवी. आपल्याकडे ३०.५ आहे, क्यू येतो ०.६८. हा फरक कानाला जाणवणारही नाही, सोडून द्या. पण कोणी बाहेरचं ४६ लिटर माप धरून १९ लिटरचे ठोकळे आत टाकले तर? उरतील ११.५ लिटर, क्यू जाईल ०.९५ वर आणि रेझोनन्स ६३ हर्ट्झवर. म्हणजे चांगला बॉक्स आपल्याच हाताने बिघडवला.

जागा कमी करायची असेल तर

भरीव लाकडाचे किंवा एमडीएफचे ठोकळे टाका. ३५ × १० × १० सेंमीचा ठोकळा ३.५ लिटर जागा खातो आणि १० इंची ड्रायव्हरच्या भोकातून आतही जातो. फेव्हिकॉल आणि स्क्रू दोन्ही लावा, नाहीतर तो खडखडेल. मॅग्नेटच्या मागे मोकळी जागा ठेवा. रिकामी प्लास्टिकची बाटली चालत नाही, कारण दाबाने तीच दबते.

जागा वाढवायची असेल तर

बंद बॉक्समध्ये उशीत भरतात तो पॉलिस्टर कापूस सैलसर भरा. हवा दाबली की तापते, ती उष्णता हे धागे शोषून घेतात, म्हणून स्प्रिंग मऊ होते आणि ड्रायव्हरला बॉक्स मोठा वाटतो. पण यातून थोडाच फायदा मिळतो, लहान बॉक्स दुप्पट होत नाही. म्हणून नवीन बॉक्स बनवताना मी तो मुद्दाम थोडा मोठा ठेवायला सांगतो. कमी करणं सोपं असतं.

पोर्टवाला बॉक्स असेल तर सांभाळून

इथे जागा बदलली की ट्यूनिंगही बदलतं. जागा २० टक्के कमी केली तर ट्यूनिंग सुमारे १२ टक्के वर जातं, म्हणजे ३५ हर्ट्झचं ३९ होतं. ट्यूनिंगच्या खालच्या आवाजांना कोनला हवेचा आधार जवळजवळ मिळत नाही. त्यामुळे ठोकळा टाकला तर पोर्टची लांबीही वाढवायला लागते. अशा बॉक्समध्ये सुटा कापूस भरू नका, तो पोर्टमध्ये जाऊन अडकतो.

शेवटी सांधे सिलिकॉनने बंद करा आणि त्याचा वास पूर्ण गेल्यावरच ड्रायव्हर बसवा. हवा गळत असेल तर वरचं सगळं गणित फुकट जातं.