ख्रिस्ताशी मराठीतून हितगुज

देवाशी जवळीक कशी साधावी, हा प्रश्न मराठी माणसाला नवा नाही. विठोबाशी भांडणारे, त्याच्यावर रुसणारे, त्याला माउली म्हणून हाक मारणारे संत आपल्या घराघरांत नांदत आले आहेत. परंतु हीच जवळीक एका मराठी कवीने ख्रिस्ती होऊन जन्मभर शोधली, आणि तीही आपल्याच भक्तीच्या बोलीत, ही हकिगत मात्र आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपणांस परिचित असतात ते फुलांमुलांचे कवी म्हणून. त्या फुलांपलीकडचे टिळक आज वाचकांपुढे ठेवावेत, असे आमच्या मनात आहे.

टिळकांचा जन्म १८६१ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा, चित्पावन ब्राह्मण घराण्यातला. वडील कमालीचे तापट. आई प्रेमळ, पण मुलाच्या कोवळ्या वयातच ती गेली. पुढे शिक्षण, भटकंती, नोकऱ्या, धरसोड. आम्हा महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांना विशेष वाटावे असे, की त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते राजनांदगावच्या वाटेवर. हे त्या काळचे मध्य प्रांतातील संस्थान, आज छत्तीसगडात आहे. १८९३ च्या सुमारास तिकडे जाताना आगगाडीत एका गोऱ्या गृहस्थाशी त्यांचे संस्कृत काव्यावरून बोलणे निघाले. त्याने उतरताना नव्या कराराची प्रत हाती ठेवली. ग्रंथ वाचताना डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले ते थबकलेच. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

येथे सामान्य चरित्रकार प्रकरण संपवील. आमच्या मते खरी कथा येथूनच सुरू होते. धर्मांतर एका दिवसात होते. सख्य तसे होत नाही. बाप्तिस्म्यानंतरही देव आपल्याला पुरता लाभला आहे, असे समाधान टिळकांना नव्हते. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त हा सिंहासनावरचा दूरचा राजा नाही. तो गुरू आहे, सखा आहे, आणि सर्वांत अधिक म्हणजे आई आहे. लहानपणी हरवलेली माया त्यांना तेथे गवसली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होईल का? आम्हांस वाटते, होणार नाही. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, अशा अर्थाचे ते सांगत. हे केवळ सौजन्य नव्हते. प्रार्थना म्हणजे ठरावीक वेळी म्हणायचा पाठ नव्हे, तर आळवणी, लाडीगोडी, प्रसंगी तक्रारसुद्धा, हे त्यांनी वारकऱ्यांकडूनच घेतले होते.

ख्रिस्ती आशयाला मराठी वेश देणारे ते पहिले नव्हेत. गोव्यात फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ मध्येच ख्रिस्तपुराण ओवीबद्ध केले होते. पण स्टीफन्सने आपली भाषा शिकून घेतली. टिळकांचे रडणे-हसणेच तिच्यात होते. परदेशी चालींवर बसवलेली भाषांतरित गीते गाणाऱ्या मंडळ्यांना त्यांनी अभंग आणि भजने दिली. ती आजही चर्चमध्ये गायिली जातात.

या सख्याची किंमत मात्र दुसऱ्याच कोणी मोजली. लक्ष्मीबाईंना पतीचे धर्मांतर म्हणजे जिवंतपणीचे वैधव्य वाटले. लहान मुलाला घेऊन काही वर्षे त्या पतीपासून दूर, पंढरपुरास नातलगांत राहिल्या. पुढे त्या अहमदनगरास (आजचे अहिल्यानगर) पतीकडे आल्या, तरी सोवळे निराळे राखूनच. टिळकांनी सक्ती केली नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे. पण बाईंच्या त्या वर्षांचा हिशेब तेवढ्याने फिटत नाही. त्या ख्रिस्ती झाल्या त्या १९०० साली, स्वतः विचार करून. जातिभेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नाशी त्या झगडल्या, आणि उत्तर मिळाल्यावर सोवळे सोडले. 'स्मृतिचित्रे'मध्ये हे सारे त्यांनी इतक्या निर्मळ विनोदाने लिहिले आहे, की वाचक हसताहसता गप्प होतो. ज्यांच्या घरी हा ग्रंथ नसेल, त्यांनी तो अवश्य मिळवावा. पतीला देव काव्याच्या झपाट्यात भेटला; बाईंना तो स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर, एकेक पाऊल मागेपुढे करत भेटला. आम्हांस ही दुसरी वाट अधिक जवळची वाटते.

उत्तरायुष्यात टिळकांना मिशनची पगारी नोकरीही देवाच्या आड येते असे वाटू लागले. १९१७ मध्ये ती सोडून त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनीही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसावे, ही त्यामागची कल्पना. चर्चच्या पुढाऱ्यांना ती पेलणे सोपे नव्हते. दरबार रुजण्यास अवधीही मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक निवर्तले.

ख्रिस्तचरित्रावरील 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांनी आरंभून अपुरे ठेवले होते. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. टिळकांनी लिहिलेले जेमतेम दहा-अकरा अध्याय. त्यांच्यापुढे बाईंनी वर्षानुवर्षे कित्येक पटींनी अधिक अध्याय रचले. कधीकाळी ज्या नावाने त्यांचा संसार मोडला, त्याच नावाचे चरित्र त्या ओवी ओवीने लिहीत होत्या. १९३६ साली त्यांचे निधन झाले, तेव्हाही थोडे राहिलेच होते. ते पुत्र देवदत्त यांनी पुरे केले आणि १९३८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला.