ग्रंथालयातली अटक

डिसेंबर १९७५. कऱ्हाडला ५१वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा आणीबाणी लागून पाच महिने उलटले होते. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला होता आणि विरोधी पक्षांचे बहुतेक मोठे नेते गजाआड होते. स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण. कऱ्हाड हे त्यांचे घरचे गाव, आणि ते त्या वेळी केंद्रात परराष्ट्रमंत्री होते. अध्यक्षपदावर होत्या दुर्गा भागवत. सरकारविरोधी आंदोलनाचे नेते आणि सरकारच्या कैदेतून नुकतेच सुटलेले जयप्रकाश नारायण मूत्रपिंडाच्या विकाराने अत्यवस्थ होते. त्यांना आराम पडावा यासाठी प्रार्थना करण्याचे आवाहन दुर्गाबाईंनी भर मांडवात केले. ज्यांचे नाव घ्यायलाही लोक बिचकत होते, त्यांच्यासाठी हजारोंच्या सभेने प्रार्थना केली.

पुढच्याच वर्षी दुर्गाबाईंना अटक झाली, तीही मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात. तिथे बसून वाचणे हा त्यांचा वर्षानुवर्षांचा परिपाठ होता. हे ग्रंथालय ज्या टाउन हॉलमध्ये आहे, त्याच्या पायऱ्यांसमोरच हॉर्निमन सर्कल आहे. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांना जालियनवाला बागेची हकिगत जगापुढे आणल्याबद्दल इंग्रज सरकारने १९१९ मध्ये हद्दपार केले होते. स्वतंत्र भारताने त्या चौकाला त्यांचे नाव दिले. त्याच चौकासमोर, स्वराज्याच्या एकोणतिसाव्या वर्षी, एका साठी ओलांडलेल्या लेखिकेला पुस्तकांमधून उठवून नेण्यात आले.

दुर्गाबाई राजकारणी नव्हत्या, ही गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. त्यांनी ‘ऋतुचक्र’मध्ये बारा महिन्यांची झाडे, फुले, ऊन-पाऊस टिपला. ‘व्यासपर्व’मध्ये महाभारतातली माणसे नव्याने पाहिली. लोककथा गोळा केल्या, जातककथा मराठीत आणल्या. आणि ‘खमंग’ नावाचे पाककृतींचे पुस्तकही लिहिले! फोडणीत आणि लोककथेत सारखाच रस घेणारी ही बाई सत्तेला नडली, याचे नवल वाटते ते राजकारण हा वेगळाच कप्पा आहे असे आपण धरून चालतो म्हणून. काय वाचायचे, काय लिहायचे, कुणाबद्दल चार शब्द बोलायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. ते दुसऱ्याने ठरवायला सुरुवात केली, की स्वयंपाकघरापासून वाचनालयापर्यंत पसरलेले सगळे जगणेच आक्रसते. दुर्गाबाईंचा विरोध या जगण्यातूनच आला होता.

त्यांनी मराठीत आणलेल्या एका पुस्तकाचा इथे उल्लेख करायलाच हवा. अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरो यांच्या ‘वॉल्डन’चा ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ हा अनुवाद त्यांचा आहे. थोरो १८४५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका तळ्याकाठी स्वतःच्या हाताने झोपडी बांधून राहायला गेले. झोपडीला आलेला खर्च त्यांनी पुस्तकात खिळ्यांसकट मांडला आहे: २८ डॉलर आणि साडेबारा सेंट. घेवड्याच्या शेताची मशागत, तळ्यावरचा बर्फ, पक्ष्यांचे आवाज, जुन्या ग्रंथांचे वाचन, असे सगळे त्यात येते. पण याच मुक्कामात, १८४६च्या उन्हाळ्यात, दुरुस्तीला दिलेला जोडा आणायला ते गावात गेले आणि पकडले गेले. गुलामगिरीला थारा देणाऱ्या आणि मेक्सिकोवर युद्ध लादणाऱ्या सरकारला डोईपट्टी द्यायची नाही, असा त्यांचा निश्चय होता. कुणीतरी परस्पर कर भरला आणि सकाळी त्यांची सुटका झाली. मग त्यांनी चांभाराकडून जोडा घेतला आणि सोबत्यांबरोबर रानात बोरांसारखी फळे वेचायला ते निघून गेले. त्या एका रात्रीतून जन्मलेला सविनय कायदेभंगावरचा निबंध पुढे गांधीजींनी वाचला.

इकडे १९७६ साली थोरोसारखी सकाळी सुटका कुणाच्या वाट्याला येत नव्हती. खटल्याशिवाय डांबून ठेवण्याची मुभा देणाऱ्या ‘मिसा’ कायद्याखाली स्थानबद्ध असलेल्यांनी निदान न्यायालयात दाद मागता यावी म्हणून याचिका केल्या होत्या, आणि नऊ उच्च न्यायालयांनी तो हक्क मान्यही केला होता. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने तो नाकारला. ते एक मत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांचे. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश नेमले गेले, तेव्हा खन्नांनी राजीनामा दिला. बहुमताचा तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट शब्दांत पुसला, पण त्यासाठी २०१७चा खासगीपणाच्या हक्काचा निकाल यावा लागला. माणसाने काय खावे, काय ल्यावे, कुणात मिसळावे हे सरकारने सांगावे असे कुणालाच रुचणार नाही, असे त्यात न्यायमूर्ती चेलमेश्वर यांनी नोंदवले.

आणीबाणीनंतर, १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१मधला जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क यापुढे आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, अशी तरतूद केली. तिच्यात आणखी एक कलम होते. स्थानबद्धतेची कारणे तपासणाऱ्या सल्लागार मंडळाच्या मताशिवाय कुणालाही स्थानबद्ध ठेवण्याची मुदत त्याने तीन महिन्यांवरून दोन महिन्यांवर आणली. ते कलम अमलात आणायला केंद्र सरकारची एक अधिसूचना पुरेशी आहे. त्यानंतर वेगवेगळ्या पक्षांची सरकारे आली आणि गेली, पण ती अधिसूचना एकानेही काढलेली नाही. तीन महिन्यांची मुदत अजून तशीच लागू आहे.