व्यस्त सिरीयल पोर्ट (लिनक्स)

संगणकाला जोडलेल्या यंत्राचा सिरीयल पोर्ट एका प्रोग्रामच्या ताब्यात असल्यामुळे दुसऱ्या प्रोग्रामला तो उघडता येत नाही, अशा स्थितीला लिनक्स प्रणालीत व्यस्त सिरीयल पोर्ट म्हणतात. या वेळी पडद्यावर 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' हा संदेश येतो. त्याचा त्रुटी क्रमांक १६ आहे. 'परमिशन डिनाइड' (क्रमांक १३) हा निराळा दोष आहे. डेबियन व उबुंटूवर तो बहुधा वापरकर्ता 'डायलआउट' गटात नसल्यामुळे उद्भवतो. या दोहोंची गल्लत वारंवार होते.

मोजणीच्या कामातील महत्त्व

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. वनहक्क दाव्यांच्या मोजणीसाठी महाराष्ट्रात जीपीएस यंत्रे वापरली गेली. हातात धरावयाची जुनी जीपीएस यंत्रे सिरीयल तारेनेच संगणकाला जोडली जातात आणि आपले स्थान एकेका ओळीच्या रूपाने, बहुधा सेकंदाला ४८०० बिट या वेगाने, पाठवतात.

लिनक्स एकच पोर्ट दोन प्रोग्रामना उघडू देते. एखाद्या प्रोग्रामने मक्तेदारी मागितली, तरच इतरांना नकार मिळतो. नकार न मिळाल्यास आलेले प्रत्येक अक्षर दोघांपैकी एकाच्याच वाट्याला जाते आणि ओळी अर्धवट राहतात. अक्षांशातील मिनिटाचा आकडा एकाने जरी चुकला, तरी सीमेवरील खूण सुमारे १.८ किलोमीटर सरकते. ओळीच्या शेवटी पडताळणीचा अंक असतो, परंतु तो न तपासणारे घरगुती प्रोग्राम पुष्कळ आहेत. या दृष्टीने 'बिझी' हा संदेश उपकारकच म्हणावा लागेल. 'सुडो' वापरून प्रोग्राम चालवल्यास मक्तेदारीचा अडसर दूर होतो, कारण प्रशासकाला तो लागू नाही. मात्र त्यामुळे वरील घोटाळा ओढवतो.

शोध आणि उपाय

प्रथम यंत्राचे नाव निश्चित करावे. मूळ पोर्टाला 'टीटीवायएस०', तर यूएसबी तारेला 'टीटीवाययूएसबी०' असे नाव मिळते. त्यानंतर 'फ्यूजर' किंवा 'एलएसओएफ' ही आज्ञा त्या नावासह प्रशासकाच्या अधिकाराने चालवल्यास पोर्ट धरून बसलेल्या प्रक्रियेचा क्रमांक समजतो.

पुष्कळदा ही प्रक्रिया वापरकर्त्याने सुरू केलेली नसते. 'मोडेममॅनेजर' नव्याने जोडलेले यंत्र मोडेम आहे काय, हे तपासण्यासाठी पोर्ट काही काळ अडवतो. अशा वेळी थोडे थांबणे पुरते. उबुंटू २२.०४ मध्ये ब्रेल पडद्यांसाठी असलेली 'बीआरएलटीटीवाय' सेवा सीएच३४० चिप असलेल्या स्वस्त तारा आपल्याच समजून ताब्यात घेत असे. ब्रेल पडदा वापरात नसल्यास ती काढता येते. 'जीपीएसडी' ही सेवा चालू असेल, तर ती बंद करण्यापेक्षा नकाशाच्या प्रोग्रामने तिच्याकडूनच, २९४७ क्रमांकाच्या नेटवर्क पोर्टावरून, माहिती घ्यावी. एकच यंत्र अनेकांना वापरता यावे, यासाठीच ती सेवा आहे.

'मिनिकॉम'सारखे प्रोग्राम पोर्ट वापरताना लॉक फाइल तयार करतात. प्रोग्राम अकस्मात बंद पडला, तर ती मागे राहू शकते. तिच्यात नोंदलेल्या क्रमांकाची प्रक्रिया हयात नाही, याची खात्री करूनच ती पुसावी.

पोर्ट धरलेला असतानाच तार काढून पुन्हा लावल्यास यंत्राला 'टीटीवाययूएसबी१' असे नवे नाव मिळते, आणि जुन्या नावाने शोधणाऱ्यास यंत्रच नाहीसे झाल्याचा भास होतो.