गुलगुला आणि पोंचिक

विद्यार्थी मित्रांनो, गुलगुला तुम्हांला ठाऊक आहे. गव्हाचे पीठ, गूळ आणि बडीशेप यांचे घट्टसर मिश्रण करायचे आणि त्याचे लहान लहान गोळे तेलात सोडायचे. बाहेरून तांबूस, आतून मऊ असे गुलगुले तयार होतात. पाऊस लागला, घरी पाहुणे आले किंवा एखादी आनंदाची बातमी कळली, की आपल्या खानदेशातल्या अनेक घरांत कढई चुलीवर चढते. पहिला घाणा निघाला, की गुलगुल्यांची एक ताटली शेजारच्या घरी जाते.

आता एक प्रश्न विचारतो. आपल्या नंदुरबारपासून हजारो किलोमीटर दूर असलेल्या रशियात गुलगुल्याचा कोणी नातेवाईक असेल का? आहे! मॉस्कोकडे त्याला 'पोंचिक' म्हणतात. अनेक असले, की 'पोंचिकी'. सेंट पीटर्सबर्ग शहरात त्यालाच 'पिश्का' असे नाव आहे. तो बहुधा बांगडीसारखा गोल असतो आणि त्याच्या मधोमध भोक असते. गरम असतानाच त्यावर पिठीसाखर भुरभुरतात. सेंट पीटर्सबर्गमध्ये पिश्कांचे एक जुने उपाहारगृह आहे. ते १९५८ साली सुरू झाले. लोक तिथे आजही गरम पिश्का आणि गोड दुधाची कॉफी घेण्यासाठी येतात. निकोलाय नोसोव या रशियन लेखकाने मुलांसाठी लिहिलेल्या गोष्टींत तर एका खादाड, गोलमटोल पात्राचे नावच पोंचिक आहे.

हे कुटुंब फार मोठे आहे. उर्दूत 'लुक्मा' म्हणजे घास, हे तुम्ही जाणता. अरब देशांत रमजानच्या दिवसांत इफ्तारसाठी 'लुकैमात' करतात. लुकैमात म्हणजे छोटे छोटे घास. तुर्कस्तानात हाच पदार्थ 'लोकमा' होतो आणि ग्रीसमध्ये 'लुकुमादेस'. १२२६ साली बगदादमध्ये लिहिल्या गेलेल्या पाककृतींच्या एका ग्रंथात 'काझीचे घास' अशा अर्थाच्या नावाचा तळलेला गोड पदार्थ आहे. म्हणजे पीठ फुगवून, तळून गोड करण्याची कला आठशे वर्षांहून जुनी आहे.

या सगळ्या पदार्थांत एक गोष्ट समान आहे. ती म्हणजे फुगलेले पीठ. पीठ फुगते कसे? हे समजले, की कृती पाठ करावी लागत नाही.

गव्हाच्या पिठात पाणी घालून ते मळले, की त्यातील प्रथिने एकमेकांना धरतात. त्यांची रबरासारखी ताणणारी जाळी बनते. या जाळीत वायू अडकला, की पीठ फुग्यासारखे वर येते. ज्वारीच्या पिठात अशी जाळी बनत नाही. म्हणून ज्वारीचा पाव होत नाही. तुम्ही म्हणाल, ज्वारीची भाकरी तर टम्म फुगते! हो, पण ती आतल्या पाण्याची वाफ झाल्यामुळे फुगते. वाफ निघून गेली, की भाकरी पुन्हा बसते.

पिठात वायू आणण्याचे दोन सोपे मार्ग आहेत. पहिला मार्ग खाण्याच्या सोड्याचा. सोड्याला दही किंवा ताक यांसारखा आंबट पदार्थ मिळाला, की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. हे काम काही मिनिटांत होते. दुसरा मार्ग खमिराचा, म्हणजेच यीस्टचा. यीस्ट हे अतिशय सूक्ष्म, एकाच पेशीचे सजीव आहेत. ते साखर खातात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. आंबण्याची क्रिया जिवंत खमिरामुळे होते, हे लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५७ ते १८६० या काळात प्रयोगांनी दाखवून दिले.

खमीर जिवंत आहे, ही गोष्ट स्वयंपाक करताना विसरू नका. कोमट दुधात तो आनंदाने वाढतो. थंडीत तो सुस्त होतो. उकळत्या दुधात टाकला, तर मरतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. त्या दिवसांत पीठ पाऊण तासातच दुप्पट होईल. तोरणमाळच्या थंडीत त्याच पिठाला दोन तासही लागतील. म्हणून घड्याळाकडे कमी पाहा आणि पिठाकडे जास्त पाहा.

आता आधी आपला गुलगुला करू. दोन वाट्या गव्हाचे पीठ घ्या. एक वाटी चिरलेला गूळ एक वाटी कोमट पाण्यात विरघळवा आणि ते पाणी गाळून घ्या. गुळातले खडे आणि चिपाडे गाळणीत राहतील. या पाण्यात दोन चमचे दही, एक चमचा बडीशेप आणि चिमूटभर मीठ घाला. उर्दूत ज्याला आपण सौंफ म्हणतो, ती मराठीत बडीशेप. मग थोडे थोडे करून पीठ मिसळा. मिश्रण भज्यांच्या पिठापेक्षा थोडे घट्ट हवे. ते अर्धा तास झाकून ठेवा. तळायच्या वेळी पाव चमचा सोडा घालून नीट ढवळा आणि लगेच तळायला घ्या. सोडा घालून तासभर वाट पाहिली, तर वायू उडून जातो आणि गुलगुले दडस होतात.

पोंचिकीसाठी अर्धा किलो मैदा, सात ग्रॅम सुके यीस्ट, पन्नास ग्रॅम साखर, पन्नास ग्रॅम लोणी, एक अंडे, लहान चमचाभर मीठ आणि सुमारे पाव लीटर कोमट दूध लागते. सुके यीस्ट मोठ्या किराणा दुकानात मिळते. अर्धी वाटी दुधात चमचाभर साखर आणि यीस्ट घालून दहा मिनिटे ठेवा. वर फेस आला, की खमीर जिवंत आहे असे समजा. फेस आला नाही, तर पुढे जाऊ नका. तो यीस्ट जुना झाला आहे. त्यात अर्धा किलो मैदा वाया घालवू नये.

परातीत मैदा, मीठ आणि उरलेली साखर एकत्र करा. त्यात अंडे, खमिराचे दूध आणि उरलेले दूध घालून पीठ भिजवा. शेवटी लोणी घालून दहा मिनिटे चांगले मळा. पीठ सुरुवातीला हाताला चिकटेल. लगेच वरून मैदा घालू नका. मळत राहिलात, की ते आपोआप मऊ आणि गुळगुळीत होईल. ते ओल्या फडक्याखाली झाकून दुप्पट होईपर्यंत ठेवा. अंडे नको असेल, तर तीन चमचे दूध जास्त घाला.

फुगलेले पीठ हलक्या हाताने दाबा आणि बोटाएवढे जाड लाटा. पेल्याच्या कडेने गोल कापा. बाटलीच्या झाकणाने मधले भोक पाडा. हे भोक केवळ शोभेसाठी नसते. जाड गोळ्याचा मधला भाग आचेपासून सर्वांत दूर असतो. बाहेरची बाजू करपते आणि मधला भाग कच्चा राहतो. तो भागच काढून टाकला, की चिंता मिटते. कापलेल्या पोंचिकी अर्धा तास पुन्हा फुगू द्या.

रशियात पोंचिकीचा आणखी एक सोपा प्रकार करतात. 'त्वोरोग' म्हणजे आंबवलेल्या दुधाचा मऊ, पनीरसारखा पदार्थ. त्यात अंडे, साखर, मैदा आणि चिमूटभर सोडा घालून गोळ्या वळतात व तळतात. खमिराची वाट पाहावी लागत नाही. कापडात बांधून निथळलेले घट्ट दही आणि थोडे कुस्करलेले पनीर एकत्र करून आपणही हा प्रकार करून पाहू शकतो.

आता सर्वांत महत्त्वाचे काम, तळणे. तेल मध्यम आचेवर तापवा. पिठाचा चिमूटभर तुकडा त्यात टाकून पाहा. तुकडा तळाशीच पडून राहिला, तर तेल थंड आहे. पडताच काळपट झाला, तर तेल फार तापले आहे. बुडबुडे सोडत सावकाश वर आला, तर तेल बरोबर तापले आहे. अशा वेळी त्याचे तापमान साधारण १७० ते १८० अंश सेल्सियस असते. गुळामुळे गुलगुले लवकर लाल होतात, म्हणून त्यांना आच थोडी कमी ठेवावी. पोंचिकीला प्रत्येक बाजूने दीड ते दोन मिनिटे पुरतात.

तेलात पीठ टाकताच बुडबुडे का येतात? पाणी १०० अंशांवर उकळते आणि तेल त्याहून कितीतरी गरम असते. पिठातल्या पाण्याची वाफ होऊन ती जोराने बाहेर पडते. नंदुरबारच्या पथारीवर लाल मिरची वाळताना तिच्यातले पाणी काही दिवसांत निघून जाते. कढईत पिठाच्या वरच्या थरातले पाणी काही सेकंदांत निघून जाते. वाफ बाहेर येत असते, तोपर्यंत तेलाला आत शिरायला वाव मिळत नाही. तेल थंड असेल, तर वाफ जोराने निघत नाही, पदार्थ जास्त वेळ कढईत राहतो आणि तेलकट होतो. पदार्थ बाहेर काढल्यावर आतली वाफ थंड होऊन आकसते आणि वर चिकटलेले तेल आत ओढले जाते. म्हणूनच झाऱ्याने उचलताच पदार्थ नीट निथळून चाळणीत ठेवतात. आपल्या आई आणि दादी हे पूर्वीपासून करत आल्या आहेत. त्यांनी पुस्तक वाचले नसेल, पण विज्ञान त्यांच्या हातात आहे.

मित्रांनो, आता मी सांगतो ते लक्ष देऊन वाचा. तापलेले तेल हा खेळ नाही. घरातील मोठे माणूस जवळ असल्याशिवाय कढई चढवू नका. कढई अर्ध्याहून जास्त भरू नका. ओढणी बांधून घ्या, बाह्या सैल सोडू नका, लहान भावंडांना दूर ठेवा. तेलातून धूर येऊ लागला, तर आच लगेच बंद करा. तेलाने पेट घेतलाच, तर त्यावर पाणी कधीही टाकू नका. पाणी तेलापेक्षा जड असते. ते तळाशी जाते, त्याची क्षणात वाफ होते आणि वाफेला पाण्याच्या सुमारे १६०० पट जागा लागते. ती वाफ जळते तेल घरभर उडवते. अशा वेळी आच बंद करायची, मोठे झाकण सरकवून कढई झाकायची आणि ती हलवायची नाही. हवा मिळाली नाही, की आग विझते. हात भाजला, तर तो वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरा. त्यावर हळद, शाई किंवा दात घासायची पेस्ट लावू नका. भाजलेली जागा मोठी असेल, तर लगेच दवाखान्यात जा.

तळण झाल्यावर उरलेले तेल गार करून गाळून ठेवावे. ते एखाद-दुसऱ्या वेळी फोडणीला वापरून संपवावे. पुन्हा पुन्हा तापवल्याने तेल काळे आणि चिकट होते व त्यात आरोग्याला घातक द्रव्ये वाढतात. म्हणून जुने तेल किती खराब झाले, की ते टाकून द्यावे, याची मर्यादा आपल्या देशात १ जुलै २०१८ पासून कायद्याने ठरवून दिली आहे. काळे तेल मोरीत ओतू नये. त्याने मोरी तुंबते.

काही मुले म्हणतील, हे तर मुलींचे काम! मग बाजारात जाऊन पाहा. जिलबी आणि भजी तळणारा हलवाई कोण असतो? बेकरीत पावाचे पीठ कोण मळतो? पैसे मिळतात तेव्हा जे काम पुरुषांचे असते, ते घरात आल्यावर कमीपणाचे कसे होईल? ज्याला भूक लागते, त्याला स्वयंपाक यावा, एवढीच साधी गोष्ट आहे.

आणि आणखी एक गोष्ट. दुकानाच्या काचेमागे झगमगणारा डोनट पाहून घरचा गुलगुला गावंढळ वाटू देऊ नका. दोघेही एकाच घराण्यातले आहेत. एक रशियाच्या थंडीत खमिरावर फुगतो, दुसरा तापीकाठच्या गावात गूळ आणि सोड्यावर फुगतो. दोन्ही करून पाहा. कोणता आधी संपतो ते मोजा. आणि पहिल्या घाण्याची ताटली शेजारी द्यायला विसरू नका.