वितळावं, पण उशिरा

रहाटणीहून भोसरी एमआयडीसीत गेलं की एखाद्या फाउंड्रीच्या आवारात पिग आयर्नचे करडे ठोकळे रचलेले दिसतात. इंडक्शन भट्टीत टाकले की ते वितळतात, कारण वितळणं एवढंच त्यांचं काम. हे लोखंड जिथे तयार होतं, उदाहरणार्थ गोव्यात मांडवीकाठच्या आमोण्याला, तिथल्या झोतभट्टीत मात्र खनिज लवकर मऊ पडलं तर पंचाईत होते.

झोतभट्टी वरून भरतात, एक थर कोकचा आणि एक खनिजाचा. खालच्या तुयेरमधून, म्हणजे हवेच्या नळ्यांतून, तापलेली हवा आत येते, कोक जळतो आणि तयार झालेला वायू खनिजातला ऑक्सिजन काढून घेत वर चढतो. त्याची वाट अडली की भट्टी अडली.

म्हणूनच खनिजाची आधी परीक्षा घेतात. त्यातली एक चाचणी मला फार बोलकी वाटते. चाळून घेतलेले 500 ग्रॅम खडे कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनच्या मिश्रणात 550 अंशांवर अर्धा तास ठेवतात. आत जाताना तांबूस असलेले खडे बाहेर येतात ते काळे होऊन. हेमेटाइटचं मॅग्नेटाइट होताना स्फटिकांची रचना बदलते, खडा फुगतो आणि त्याला बारीक भेगा पडतात. नखाने दाबलं तर कमकुवत खड्याचा कोपरा सुटून येतो. मग ड्रममध्ये 900 फेरे. शेवटी 2.8 मिलिमीटरच्या चाळणीखाली पडलेली काळी भुकटी तोलतात. भट्टीच्या वरच्या भागात हीच भुकटी वायूची वाट बुजवते.

खरी कसोटी त्याच्याही खाली, साधारण 1,100 अंशांच्या पुढे असते. खनिज मऊ होतं, वरच्या भाराने चेपतं आणि त्याचा थर जवळजवळ बंद होतो. तिथे वायूला वाट उरते ती फक्त घट्ट राहिलेल्या कोकच्या थरांतून. 1970 च्या सुमारास जपानमध्ये चालू भट्ट्या थंड करून उकलल्या, तेव्हा हे चेपलेले थर प्रत्यक्ष पाहायला मिळाले. मऊ होणं आणि थेंब गळू लागणं यांतलं अंतर जितकं कमी, तितका मऊ खनिजाचा हा पट्टा अरुंद आणि भट्टी मोकळी. आपल्याकडच्या बऱ्याच खनिजात अ‍ॅल्युमिना जास्त, त्यामुळे मळीही, म्हणजे खनिजातला वितळलेला अशुद्ध भाग, चिकट होते. म्हणून डोलोमाइटसारखा मॅग्नेशियायुक्त दगड घालून ती पातळ ठेवावी लागते.

खनिजाचा भाव मुख्यतः लोहाच्या टक्क्यावर ठरतो. माझ्या मते, टक्का थोडा कमी असला तरी तापल्यावर न फुटणारं आणि उशिरा मऊ होणारं खनिज भट्टीला जास्त परवडतं.