वर जाणारी वाट, खाली जाणारी वाट

मायकेल फॅरडेंना ग्रीक येत नव्हतं. लोहाराचा मुलगा, शाळा जेमतेम, मग लंडनमधल्या एका बुकबाइंडरकडे सात वर्षांची उमेदवारी. बांधणीला आलेली पुस्तकं वाचत ते शिकले. त्यामुळे १८३४ साली विजेच्या प्रयोगांसाठी नवे शब्द हवे झाले, तेव्हा जाणत्यांचे दरवाजे ठोठावण्यावाचून इलाज नव्हता.

प्रयोग असा : काचेच्या नळीत टिन क्लोराइड स्पिरिटच्या दिव्यावर वितळवायचं, त्यात प्लॅटिनमच्या तारा ठेवून वीज सोडायची. एका तारेवर कथील साठतं, ते तोलायचं. तारांच्या टोकांना तेव्हा सगळे 'ध्रुव' म्हणत, म्हणजे चुंबकागत कणांना ओढून घेणारे. फॅरडेंना हे साफ अमान्य होतं. विघटन द्रवात घडतं, टोकं ही विजेच्या येण्याजाण्याची नुसती दारं, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टर व्हिटलॉक निकोल यांच्या मदतीने 'इलेक्ट्रोड' ठरला. पण दोन दारं वेगळी कशी ओळखायची?

एप्रिलमध्ये त्यांनी केंब्रिजच्या विल्यम ह्युएल यांना पत्र घातलं. हे सुताराचे चिरंजीव, पण ग्रीक-लॅटिन जिभेवर. ('सायंटिस्ट' हा शब्द त्यांचाच. त्याच वर्षी एका निनावी परीक्षणात तो छापला, आणि श्रेय दिलं 'कुणा चतुर गृहस्थाला'!) फॅरडेंनी त्यांना एक चित्र सांगितलं. पृथ्वीचं चुंबकत्व तिच्याभोवती पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणाऱ्या विजेमुळे आहे असं समजा. द्रवातली वीजही त्याच दिशेने वाहील असं पात्र मांडा. मग एक टोक सूर्योदयाकडे येतं, दुसरं सूर्यास्ताकडे. त्यावर ह्युएलनी सुचवलं : अॅनोड, वर जाणारी वाट, कॅथोड, खाली जाणारी वाट. दोन्ही अस्सल ग्रीक शब्द, जुळवाजुळव करून घडवलेले नव्हेत. पाठोपाठ 'आयन' आला, म्हणजे 'जाणारा'.

पृथ्वीभोवतीच्या त्या विजेची कल्पना पुढे त्या रूपात टिकली नाही. १८९७ साली जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन दाखवून दिला. तो तारेतून प्रवाहाच्या मानलेल्या दिशेच्या उलटा धावतो. तरी शब्दांना धक्का लागला नाही, कारण भार कुठला, ओढतं कोण, यावर ते काही बोलतच नव्हते. लोक ग्रीकच्या भारदस्तपणाचं कौतुक करतात; मला तिचा हा मोघमपणा जास्त मोलाचा वाटतो.

मराठी पाठ्यपुस्तकांनी अॅनोडला 'धनाग्र' केलं, कॅथोडला 'ऋणाग्र'. ऐकायला सुबक, मुलांना चटकन कळणारं. विघटनाच्या पात्रात ते चोख बसतं. पण बॅटरीतला सेल वीज देत असतो, तेव्हा त्याचं अॅनोड हे ऋण टोक असतं. म्हणजे विद्यार्थ्याने लिहायचं काय, तर 'धनाग्र ऋण असते'. फॅरडेंना नेमकी हीच पंचाईत टाळायची होती.