ही तीच का?
(‘आशा परत येते’ची कथा आणि तिच्यातली माणसे)

रहस्यकथा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा येतो तो खून. मग अंधारी खोली, पिस्तूल, खिडकीखालचे पायांचे ठसे आणि शेवटच्या प्रकरणात सर्वांना समोर बसवून उलगडा करणारा गुप्तहेर. बाबूराव अर्नाळकरांनी झुंजार आणि काळापहाड यांच्याकरवी मराठी वाचकाला या गोष्टींचे असे काही वेड लावले की दोन-तीन पिढ्या त्यांची पुस्तके अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचत आल्या. दुसऱ्या टोकाला ना. सी. फडके यांची प्रणयरम्य कादंबरी. फडके कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात प्राध्यापक होते, आणि १९३१ साली ‘प्रतिभासाधन’ लिहून त्यांनी कथालेखनाच्या तंत्राची रीतसर चर्चा केली. पण त्यांच्या स्वतःच्या कादंबऱ्यांत वाचकाला लागून राहणारी हुरहूर बहुधा एकच असते: या दोघांचे जमणार की नाही?

या दोन टोकांच्या मध्ये एक तिसरा प्रकार आहे. त्याला मराठी समीक्षेने नीटसे नावही दिलेले नाही; मी आपला त्याला ‘सौम्य रहस्यकादंबरी’ म्हणतो. हिच्यात खून नसतो, असलाच तर पडद्याआड असतो. हिच्यात प्रेम असते, पण ते जमण्यापाशी गोष्ट संपत नाही. जमल्यानंतर सुरू होते. आणि रहस्य असते ते एवढेच, की ज्या माणसावर आपण जीव टाकला ते माणूस नक्की कोण? अभ्यासक्रमात अशा कादंबऱ्यांना जागा नाही. प्राध्यापकमंडळी त्यांना ‘वाचनालयी वाङ्मय’ म्हणून बाजूला सारतात, आणि त्यातले पुष्कळसे बाजूला सारण्याच्या लायकीचे असतेही. तरीही एका कथेसाठी मला येथे थोडे भांडायचे आहे.

ती कथा म्हणजे जयंत देवकुळे यांची ‘आशा परत येते’. कादंबरीचे नाव आज फार थोड्यांना आठवेल. पण तिच्यावरून राजा परांजपे यांनी १९६४ साली काढलेला ‘पाठलाग’ हा चित्रपट आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना हटकून आठवतो. काशिनाथ घाणेकर आणि भावना यांच्या भूमिका, दत्ता डावजेकरांचे संगीत, गदिमांची गीते. पुढे १९६५ साली तमिळमध्ये ‘इदय कमलम्’ आणि १९६६ साली राज खोसलांचा हिंदी ‘मेरा साया’ याच कथेवरून निघाले. एक मराठी कादंबरी दोन वर्षांत तीन भाषांच्या पडद्यावर गेली, ही काही लहान गोष्ट नव्हे. कथेचा जो घाट पडद्यावरून घरोघर पोचला, तोच धरून मी पुढे लिहीत आहे. ज्यांना शेवट आधी कळलेला आवडत नाही, त्यांनी हा लेख मिटून आधी चित्रपट पाहावा. मी रागावणार नाही.

एक सुशिक्षित, सुखवस्तू वकील आणि त्याची लाडकी पत्नी. पत्नी त्याच्या डोळ्यांदेखत मरते. तिला अग्नी दिला जातो. घर तिच्या आठवणींनी भरलेले असतानाच बातमी येते की पोलिसांनी गुन्हेगारांच्या टोळीबरोबर एक स्त्री पकडली आहे, ती हुबेहूब तिच्यासारखी दिसते आणि ‘मी यांचीच बायको’ असे सांगते. खटला उभा राहतो. ती एकेक खूण सांगू लागते. नवऱ्याखेरीज कोणालाही ठाऊक नसावे असे खासगीतले बोलणे, लाडकी गाणी, घरातले कोपरे. नवरा हादरतो, पण मानत नाही. मानणार कसा? चिता त्याने स्वतः पाहिलेली. शेवटी उलगडा होतो तो असा: पत्नीला एक जुळी बहीण होती. ती वाईट संगतीला लागलेली होती, म्हणून पत्नीने तिचे अस्तित्वच नवऱ्यापासून लपवून ठेवले होते. ती बहीण एकदा आसऱ्याला आली, दोघींची अदलाबदल झाली. घरात राहिली आणि मेली ती बहीण, आणि टोळीच्या तावडीत सापडली ती खरी पत्नी.

जुळ्या बहिणी म्हटल्यावर काही वाचक नाक मुरडतील. मुरडोत. ही युक्ती जुनीच आहे, आणि उलगडा हा या कथेतला सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे. खरी जागा आहे ती न्यायालयातली. तिथे दोन माणसे समोरासमोर उभी आहेत आणि दोघेही अक्षरशः खरे बोलत आहेत. तो म्हणतो, माझी बायको माझ्यासमोर मेली. ती म्हणते, मी तुमची बायको आहे. नेहमीच्या रहस्यकथेत कोणीतरी खोटे बोलत असते आणि गुप्तहेराने ते पकडायचे असते. इथे पकडायला खोटे नाही. त्यामुळे वाचक कोणावर चिडू शकत नाही. दोघांसाठीही त्याचा जीव तुटतो. ‘सौम्य’ हा शब्द मी वापरला तो या अर्थाने.

हा प्रसंग वाचताना संस्कृतच्या विद्यार्थ्यांना काही आठवले असेलच. ‘शाकुंतला’चा पाचवा अंक! दुष्यंताच्या दरबारात शकुंतला उभी आहे, राजाला काही आठवत नाही. ती अंगठी दाखवायला जाते तर बोट रिकामे. मग ती काय करते? एका हरणाच्या पाडसाची आठवण सांगते. राजाने पाणी पुढे केले तेव्हा ते प्याले नाही, तिच्या हातून मात्र प्याले. पुरावा म्हणून केवढीशी ही गोष्ट! पण दोघांच्या सहवासाला साक्षीदार दुसरे कोण असणार? राजा तीही उडवून लावतो, वर स्त्रियांच्या चतुराईबद्दल बोलतो. महाभारतातला दुष्यंत सर्व ठाऊक असूनही नाकारतो आणि शेवटी आकाशवाणी व्हावी लागते. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणि अंगठी आणून राजाला वाचवले, म्हणजे दोघांनाही खरे केले. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ मराठी रंगभूमीवर आणले तेव्हापासून हा दरबार मराठी प्रेक्षकाच्या ओळखीचा आहे. ‘पाठलाग’च्या न्यायालयात तोच पुन्हा भरला असे मला वाटते. फरक इतकाच की अंगठी शोधून देणारा कोळी येथे नाही.

इतिहासातही आपल्याकडे असे प्रसंग कमी नाहीत. पानिपतावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले, पण पार्वतीबाईंनी ते मानले नाही. पुढे भाऊ म्हणून एक माणूस आला, त्याच्यामागे माणसे उभी राहिली, बंड झाले आणि १७७६ साली त्या तोतयाला पुण्यात देहान्त शिक्षा झाली. न. चिं. केळकरांचे ‘तोतयाचे बंड’ हे नाटक (१९१३) त्यावरचेच. करवीरकरांना याहून जवळची गोष्ट म्हणजे महाराणी ताराबाईंची. ज्या रामराजाला त्यांनी आपला नातू म्हणून पुढे आणले आणि जो १७५० साली साताऱ्याच्या गादीवर बसला, त्यालाच त्याच वर्षी त्यांनी कैदेत टाकले. पुढे १७५२ साली जेजुरीला खंडोबासमोर शपथ घेऊन हा माझा नातू नव्हे असे सांगितले. आजीच्या एका शब्दाने माणूस छत्रपती होतो आणि दुसऱ्या शब्दाने तोतया. बंगालमध्ये भावलच्या कुमाराचा खटला तर १९३० पासून १९४६ पर्यंत, थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत चालला. १९०९ साली दार्जिलिंगला मेला म्हणून ज्याच्यावर अंत्यसंस्कार झाले, तो संन्यासी होऊन परत आला आणि शेवटी न्यायालयांनी त्याला मान्य केले. त्याच्या पत्नीने मात्र मानले नाही.

या सर्व गोष्टींत परत येणारा पुरुष आहे, आणि भांडण गादीचे वा जमीनजुमल्याचे आहे. ‘आशा परत येते’मध्ये परत येणारी स्त्री आहे, आणि तिला परत मिळवायचे आहे ते फक्त घर. इथे ही कथा तिच्या लेखकाने योजिले असेल त्याहून खोल जाते, असे मला वाटते. नवऱ्याला पत्नीची बहीण माहीतच नाही, हे संभवनीय कसे? लंडन-पॅरिसच्या कादंबरीत हा प्रश्न अवघड झाला असता. आपल्याकडे तो मुळीच अवघड नाही.

राधानगरीसारख्या गावात राहणाऱ्याला हे पटवून द्यावे लागत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी, शाहूमहाराजांच्या काळात, भोगावतीवरच्या धरणाबरोबर वाढलेले हे गाव. पावसाळ्यात तलाव भरला आणि स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडले, की कोणी न सांगता ते गावभर होते. फोंडा घाटातून कोकणची बस उशिरा आली तरी तीतून कोण उतरले हे सकाळी सर्वांना ठाऊक असते. वाटेत अनोळखी पोराला म्हातारी माणसे पहिला प्रश्न विचारतात, “कुणाचा रं तू?” नाव नंतर. माणूस ओळखायचा तो त्याच्या घराण्यावरून, भावकीवरून, वाडीवरून. इतक्या डोळ्यांपुढे रहस्य टिकणार कुठे? लहान गावात ते एकाच ठिकाणी टिकते: बाहेरून आलेल्या माणसात. आणि प्रत्येक घरात बाहेरून आलेले एक माणूस असतेच. सून!

ती आली तेव्हा ताटातल्या तांदळावर अंगठीने तिचे नवे नाव लिहिले गेले. (अंगठी इथेही आलीच!) जुन्या नावाने हाक मारणारी माणसे घाटाखाली किंवा पन्नास मैलांवर. बालपण, मैत्रिणी, तिने कधी काय सोसले, कोण भाऊ बिघडला, कोणती बहीण पळून गेली, यातले तिने सांगावे तेवढेच सासरी कळते. आणि माहेरची अब्रू म्हणून ती फारसे सांगत नाही. देवकुळ्यांच्या नायिकेने बहीण लपवली ती लबाडी म्हणून लपवली नाही. आपल्याकडची कोणतीही शहाणी सून तेच करील. पण लपवलेल्या त्या एका गोष्टीमुळे, प्रसंग आला तेव्हा तिच्या बाजूने साक्ष द्यायला कोणी उरले नाही. सासरच्यांनी तिची चिता पाहिलेली आणि माहेर तिने स्वतःच पुसून टाकलेले. म्हणून तिला नवऱ्याच्या आठवणीचे दार ठोठावत उभे राहावे लागते. नवरा ‘हो’ म्हणाला तर ती आहे, नाही म्हणाला तर ती कोणीच नाही. कथेतली भीती ही आहे. पिस्तूल दाखवून ती निर्माण करता आली नसती.

नवऱ्याच्या व्यक्तिरेखेबद्दलही एक शब्द. पुष्कळांना तो दगड वाटतो. मला तसे वाटत नाही. तो वकील आहे; पुराव्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही हे त्याच्या हाडीमांसी भिनलेले आहे, आणि तरीही तिचे एकेक बोलणे ऐकताना त्याचा चेहरा फिरतो. दुष्यंतालाही अंकाच्या शेवटी अशीच हुरहूर लागून राहते: आठवत तर काही नाही, पण मन ऐकत नाही. लेखकाने त्याला चटकन विरघळू दिले असते तर रडू आले असते आणि विसरलेही गेले असते. न विरघळणे हीच त्याच्या प्रेमाची खूण आहे. मेलेल्या पत्नीशी तो प्रामाणिक राहतो आहे, आणि त्या प्रामाणिकपणामुळेच जिवंत पत्नीवर अन्याय करतो आहे. हा पेच मराठीतल्या कितीतरी ‘गंभीर’ म्हणवणाऱ्या कादंबऱ्यांना साधलेला नाही.

हिंदीत नायक ठाकूर झाला, सरोवरे आणि महाल आले, गाणी गाजली. चित्रपट देखणा झाला यात शंका नाही. पण महालात राहणाऱ्या ठाकुराच्या पत्नीला हजार माणसे ओळखणार, असे राहून राहून वाटते. मध्यमवर्गीय मराठी घरात ओळखणारी माणसे मोजकी असतात, आणि म्हणून संशय तिथे अधिक कोंदटतो.

राहता राहिली ती बहीण. चित्रपट पाहून बाहेर पडणारे प्रेक्षक नवराबायकोच्या भेटीने सुखावलेले असतात. तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. ती बहिणीच्या घरात, बहिणीच्या कपड्यांत, बहिणीच्या नावाने मेली. तिच्यावर रडले ते सर्वजण दुसऱ्याच कोणासाठी रडले. दिवसकार्य झाले असेल तेही आशाच्या नावाने. आशा परत आल्यावर भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोचे काय केले असेल? तो खाली काढला असणार, कारण फोटोतली बाई आता स्वयंपाकघरात चहा करीत आहे. आणि जी खरोखर गेली, तिचा फोटो त्या घरात नव्हताच.